साधनाताईंचं सागवानी डोकं

मी एक जुना सागवानी ठोकळा आहे. पण नुसता ठोकळा नाही. मला नाक आहे, दोन कान आहेत, रुंद कपाळ आहे. मानेखाली मात्र माझं काहीच नाही. उजव्या कानाचा तुकडा उंदरानं कुरतडला आहे आणि टाळूपासून भुवईपर्यंत एक भेग गेली आहे. मित्रांनो, मला पाहून मुलं आधी बिचकतात आणि मग हसतात. हसा खुशाल. पण ज्या बाईंनी माझ्यावर आपल्या उमेदीची वर्षं घातली, त्यांच्याबद्दल मला सांगायचं आहे. माझी गोष्ट ही बरीचशी त्यांचीच आहे.

त्यांचं नाव साधना. यवतमाळ जिल्ह्यातलं दिग्रस हे त्यांचं गाव. वडील श्रावणबाबा तिथल्या एका जिनिंगमध्ये चोवीस वर्षं फिटर होते. कापसातून सरकी वेगळी करणारे रेचे ते नुसत्या आवाजावरून ओळखत. कुठल्या रेच्याचं पातं सैल झालंय, हे त्यांना दारातूनच कळायचं. साधनाताई विहारातल्या वाचनालयात बसून शिकल्या, इंजिनीअर झाल्या, आणि इंजिनीअरही अशा विषयातल्या की दिग्रसमध्ये कुणाला तो नीट समजेना. शेजारीपाजारी विचारत, "पोरगी डॉक्टर नाई, नर्स नाई, मंग दवाखान्यात करते काय?" श्रावणबाबा सांगत, "दवाखान्यातल्या मशिनीची फिटर हाय ते. माह्यासारखीच."

हे उत्तर साधनाताईंना फार आवडायचं.

त्या यवतमाळच्या एका इस्पितळात यंत्रांची देखभाल करत. तिथं कमलाकर नावाचे कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. एकदा साधनाताई दिवा दुरुस्त करायला ऑपरेशनच्या खोलीत गेल्या होत्या. भिंतीवर रुग्णाच्या सीटी स्कॅनची फिल्म लावलेली होती. डॉक्टर फिल्मकडे पाहत, मग रुग्णाकडे वळत, पुन्हा फिल्मकडे मान वळवत. काम संपल्यावर साधनाताईंनी विचारलं, "सर, इतक्या वेळा मागं वळून का पाहता?"

डॉक्टर म्हणाले, "चित्र तिथं आहे, माणूस इथं आहे. मधलं सगळं माझ्या अंदाजावर. नाकाच्या आत एका बाजूला डोळा, वरच्या बाजूला मेंदू. अंदाज दोन-तीन मिलिमीटर चुकला तरी पुरे."

ते वाक्य साधनाताईंच्या डोक्यातून जाईना. या विषयावर मिळेल ते त्यांनी वाचून काढलं. मोठ्या शहरांत अशी यंत्रं होती, जी डॉक्टरांच्या हातातल्या अवजाराचं टोक रुग्णाच्या स्कॅनवर त्याच क्षणी दाखवत. यवतमाळला तसलं यंत्र कधी येईल याची कुणाला आशा नव्हती. साधनाताईंनी नागपूरच्या एका प्राध्यापकांकडे संशोधनासाठी नाव नोंदवलं आणि विषय घेतला तो हाच. साधे दोन कॅमेरे वापरून असं यंत्र इथं बांधता येईल का?

कॅमेरे मिळाले, संगणक मिळाला, इस्पितळानं धुण्याच्या कपड्यांच्या कोठीमागची एक खोलीही दिली. पण प्रयोग करायचा कुणावर? जिवंत माणसावर तर नाही. त्यासाठी असं एक डोकं हवं होतं, की ज्याच्या आत कुठं काय आहे हे आधीपासून अचूक माहीत असेल.

कापसाची ती वाईट वर्षं होती. दिग्रसचे जिन एकामागून एक बंद पडत होते, आणि श्रावणबाबांचाही जिन बंद झाला होता. अवजारांची पेटी पलंगाखाली सरकवून ते दिवसभर ओट्यावर बसून राहत. रस्त्यानं कुणी गेलं तरी मान वर करत नसत. साधनाताई एका रविवारी घरी आल्या आणि त्यांच्याजवळ बसल्या.

"बाबा, मले एक डोकं करून पायजे."

श्रावणबाबांनी पाहिलं. "कायचं डोकं?"

"लाकडाचं. माणसाएवढं. वरचं झाकण निघालं पायजे. आत मी सांगीन तिथं भोकं पाडायची. अर्ध्या मिलिमीटरचाबी फरक चालनार नाई."

श्रावणबाबा ओट्यावर सरळ होऊन बसले. मग त्यांनी विचारलं, "माप कोनाच्या डोक्याचं घेऊ?"

"तुमच्याच घ्या न."

अशा तऱ्हेनं माझा जन्म झाला. पांढरकवड्याकडच्या सागाचं एक वाळलेलं, गाठी नसलेलं खोड त्यांनी निवडून आणलं. साधनाताईंच्या आईनं शिंप्याच्या टेपनं त्यांच्या कपाळाचं, कानांचं, हनुवटीचं माप घेतलं. दोन महिने मी त्यांच्या मांडीवर वाढलो. तासणी, पटाशी, कानस, सगळी अवजारं पलंगाखालून बाहेर आली. पुन्हा लोक ओट्याशी थांबू लागले. नाक झालं तेव्हा शेजारी म्हणाले, "श्रावणभाऊ, हे तं तुमचंच नाक हाय." श्रावणबाबा त्या महिन्यांत प्रथमच हसले.

माझ्या चेहऱ्यावर त्यांनी नऊ बारीक खड्डे केले आणि आत चोवीस ठिकाणी बेअरिंगच्या छोट्या पोलादी गोळ्या बसवल्या. मला उपरण्यात गुंडाळून ते एसटीनं स्वतः यवतमाळला घेऊन आले.

सीटी स्कॅनच्या केंद्रात घनश्याम नावाचा तंत्रज्ञ होता. त्याच्या संगणकात नाव भरल्याशिवाय यंत्र चालतच नसे. त्यानं माझ्याकडे पाहिलं, साधनाताईंकडे पाहिलं आणि आडनाव लिहिलं, लाकडे. वय दोन महिने. तेव्हापासून इस्पितळात सगळे मला लाकडे काका म्हणू लागले.

पहिला स्कॅन मात्र वाया गेला. पोलादी गोळ्यांमुळे चित्रात चहूकडे पांढऱ्या रेषा फाकल्या होत्या, जणू कुणी आत भुईनळे लावलेत. गोळी नेमकी कुठं आहे ते दिसेचना. साधनाताई हिरमुसल्या. खोली झाडायला येणाऱ्या लालीबाईंनी चौकशी केली. त्या आर्णीजवळच्या तांड्यावरच्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या जुन्या कांचळीवरचे, म्हणजे बंजारा चोळीवरचे, काचेचे मणी उसवून पुडीत बांधून आणले.

"लोखंड नाई चालत तं काच चालन का, बाई?"

गोळ्यांच्या जागी मणी बसवले आणि काच उत्तम चालली. चित्रात चोवीस स्वच्छ ठिपके उमटले. मित्रांनो, आजही माझ्या आत लालीबाईंच्या कांचळीवरचे निळे मणी आहेत.

आता मी काय काम करत होतो ते सांगतो. माझ्यासमोर एका दांड्यावर दोन कॅमेरे होते, दोन डोळ्यांसारखे. साधनाताईंच्या हातात एक लांब सळई असे आणि तिच्या मागच्या टोकाला काळ्यापांढऱ्या चौकटींची पट्टी. कॅमेरे ती पट्टी पाहत आणि संगणक हिशेब करून सांगे की सळईचं पुढचं टोक कुठं आहे. आधी चेहऱ्यावरच्या नऊ खड्ड्यांना टोक लावायचं, म्हणजे माझं डोकं आणि माझं चित्र यांची जुळणी होई. मग सळई नाकातून आत घालून एखाद्या मण्याला टेकवायची. पडद्यावरची लाल खूण बरोबर त्या मण्यावर आली पाहिजे. नाही आली, तर किती हुकली ते वहीत लिहायचं. त्या वहीच्या शेवटच्या रकान्याला साधनाताईंनी नाव दिलं होतं, 'हुकलं'.

पहिल्या दिवशी अकरा मिलिमीटर हुकलं. त्यांनी वहीत तसंच लिहिलं, अकरा.

सकाळी कामाची वेळ सुरू होण्याआधी दोन तास त्या माझ्यापाशी असत. पट्टी वाकत होती, म्हणून श्रावणबाबांनी पितळी पत्र्याची करून दिली. दांडा हलत होता, म्हणून त्याला जाड लोखंडी बैठक आली. दर शनिवारी बाबा दिग्रसहून यायचे, खिशात कानस आणि पाना असायचाच. अकराचे सहा झाले, सहाचे तीन. अडीच वर्षांनी वहीत दीड येऊ लागले, आणि रोज येऊ लागले. कमलाकर सरांनी त्या यंत्राला नाव दिलं, वाटाड्या.

त्याच सुमारास तुळसाबाई आल्या.

तुळसाबाई एका जिनिंगमध्ये रेच्यात कापूस टाकायचं काम करत. जिनमालकांनी झिजलेली पाती बदलली नव्हती. एका पात्याचा कपरा उडाला आणि नाकाच्या कोपऱ्यातून आत शिरला. बाहेरची जखम भरली, पण कपरा आतच राहिला होता, डोळ्यामागच्या नसेपासून चार मिलिमीटरवर. डोळ्यानं अजून दिसत होतं, पण सूज वाढत चालली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून मुंबईचं नाव सांगितलं. तुळसाबाई म्हणाल्या, "मुंबईले नाई जात मी. जे करायचं ते अथीच करा."

कमलाकर सर दुर्बिणीनं नाकातून अशी ऑपरेशनं करत. अडचण एवढीच होती की सुजलेल्या मांसात कपरा डोळ्यांना दिसणार नव्हता. तज्ज्ञांच्या समितीपुढं चर्चा झाली, परवानगी मिळाली. ऑपरेशन सर त्यांच्या नेहमीच्या पद्धतीनं करणार, वाटाड्या फक्त जागा दाखवणार. जरा शंका आली तर थांबायचं. तुळसाबाईंच्या कपाळाला आणि गालांना बारीक टिकल्या चिकटवून स्कॅन झाला. माझ्या खड्ड्यांचं काम त्या टिकल्या करणार होत्या.

साधनाताईंचा एक नियम होता. माणसावर वापरण्याआधी त्याच सकाळी माझ्यावर तपासायचं. ऑपरेशनच्या खोलीबाहेर एका टेबलावर मला ठेवलं होतं. इस्पितळाचे प्रमुख विठ्ठलराव नवे कपडे घालून आले होते, सोबत वर्तमानपत्राचे दोन लोक. त्या वर्षी भारनियमन कडक होतं. पहाटेपासून गेलेली वीज साडेआठला आली आणि वाटाड्या सुरू झाला. पावणेनऊला साधनाताईंनी सळई माझ्या आत घातली.

लाल खूण मण्याच्या बाजूला पडली. त्यांनी दुसरा मणी घेतला, मग तिसरा. वहीत त्यांनी लिहिलं, पाच.

कमलाकर सर हात धुऊन, हातमोजे चढवून आले होते. "काल दीड होतं ना?"

"हो सर. आज पाच आहे."

"कशामुळे?"

"कळत नाही."

विठ्ठलराव जवळ आले. "अहो मॅडम, हे लाकूड आहे. लाकडावर जरा इकडंतिकडं होणारच. सगळे थांबले आहेत. बाईंवर लावून तर पाहा, तिथं बरोबर येईल."

साधनाताई म्हणाल्या, "जे लाकडावर हुकलं, ते मी माणसावर लावणार नाही. सर, आज नको."

कमलाकर सरांनी हातमोजे काढले. विठ्ठलराव पाहुण्यांना घेऊन रागानं निघून गेले. साधनाताई आत जाऊन तुळसाबाईंच्या खाटेशी उभ्या राहिल्या. भुलीचं इंजेक्शन अजून दिलं नव्हतं. दार उघडं होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"मावशी, आज ऑपरेशन नाई होत."

"काहून वं पोरी? माह्यं काई बिघडलं का?"

"तुमचं नाई. माह्यं यंत्र आज खोटं बोलून राह्यलं. काहून, ते मले अजून समजलं नाई."

तुळसाबाई खाटेवर उठून बसल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं, पहिलेच सांगितलं. खरं बोलाले लागलं की बोलाव मले."

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी आली की यंत्र ऐन वेळी फसलं. इस्पितळाच्या जिन्यावर लोक कुजबुजत. साधनाताईंनी ती बातमी वाचली, घडी घालून वहीत ठेवली आणि मोजायला बसल्या. तुळसाबाईंची सूज औषधांनी थोपवून धरली होती, पण ती किती दिवस थांबेल हे सरांनाही सांगता येत नव्हतं. साधनाताईंनी यंत्र पूर्ण बंद केलं, थंड होऊ दिलं, पुन्हा चालू केलं आणि दर दहा मिनिटांनी माझ्या एकाच मण्याला टोक लावलं. पाच. साडेचार. चार. तीन. तासाभरानं दीड, आणि मग दीडच. त्यांनी हे दोन दिवसांत सात वेळा करून पाहिलं. सातही वेळा तेच.

कॅमेरे थंड असताना एक पाहत होते आणि गरम झाल्यावर दुसरं. आतला धातू उबेनं अगदी किंचित फुगे आणि चित्र सरके. एरवी वाटाड्या रात्रभर चालूच असायचा, म्हणून हे कधी कळलंच नव्हतं. त्या दिवशी भारनियमनानंतर तो गारठलेलाच कामाला लागला होता.

शनिवारी श्रावणबाबा आले. लेकीनं कागद पुढं ठेवून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "रेचा गरम झाल्याबिगर मी कधीच पात्याचं माप घेत नोतो. तुले हे सांगाचं माह्या ध्यानातच नाई आलं."

"मीबी कधी विचारलं नाई, बाबा," साधनाताई म्हणाल्या.

कॅमेऱ्यांना वेगळी बॅटरी जोडली गेली. वीज असो वा नसो, ते कामाच्या आधी तासभर चालू राहणार होते. नवव्या दिवशी तुळसाबाईंना पुन्हा टिकल्या लागल्या, पुन्हा स्कॅन झाला, आणि दहाव्या दिवशी सकाळी मला पुन्हा त्याच टेबलावर मांडलं. साधनाताईंनी एक नाही, सहा मणी तपासले. दीडच्या वर एकही गेला नाही. त्यांनी वही सरांना दाखवली. सरांनी मान हलवली आणि दार लागलं.

आत मला प्रवेश नव्हता. मी बंद दाराकडे तोंड करून बसलो होतो. बाकावर तुळसाबाईंचा भाऊ बसला होता, आणि त्याच्या शेजारी श्रावणबाबा. दोघांची ओळख नव्हती. आत मदतीला असलेल्या लालीबाई पाऊण तासानं बाहेर आल्या.

"निंघाला," त्या म्हणाल्या. "ज्वारीच्या दान्याएवढा होता. डाक्टरसाब त्याच्या बाजूनंच पुढं चालले होते. साधनाबाईनं पडद्यावर पाह्यलं न म्हनलं, सर, थोडं मागं, डावीकडं. अन् तिथंच होता."

भावानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. श्रावणबाबांनी उठून माझ्या कपाळावरून हात फिरवला, स्वतःच्या कपाळावरून फिरवावा तसा.

संध्याकाळी डोळ्यावरची पट्टी काढली तेव्हा तुळसाबाईंनी सरांची बोटं बरोबर मोजली. त्यांचा डोळा वाचला होता.

साधनाताईंनी या कामावर शोधनिबंध लिहिला. त्यात तुळसाबाईंच्या यशस्वी ऑपरेशनच्या आधी त्या फसलेल्या सकाळची हकीकत होती, आकड्यांसह. प्राध्यापक म्हणाले होते की ते वगळलं तरी चालेल. त्यांनी वगळलं नाही. चेन्नईच्या परिषदेत लोकांनी सगळ्यात जास्त प्रश्न त्याच सकाळबद्दल विचारले, कारण अनेकांच्या यंत्रांत तोच दोष होता आणि कुणी तो सांगितला नव्हता. निबंधाच्या शेवटी आभारात लिहिलं होतं, 'डोकं घडवणारे श्री. श्रावण, दिग्रस, आणि मण्यांसाठी लालीबाई.' श्रावणबाबांनी ती ओळ लेकीकडून तीनदा वाचून घेतली.

पुढं वाटाड्यानं आणखी कितीतरी रुग्णांत वाट दाखवली. साधनाताईंना परदेशी संशोधनासाठी बोलावणं आलं. श्वासाबरोबर यकृत आत वरखाली होतं, अशा हलणाऱ्या अवयवात सुई नेमकी कशी न्यावी, यावर त्यांनी तिथं काम केलं. तिकडं मोठं पद मिळत असताना त्या परत आल्या आणि यवतमाळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा उभी केली.

पण मधली ती वर्षं माझी वाईट गेली. इस्पितळात विकतचं यंत्र आलं आणि त्याच्यासोबत गुळगुळीत प्लॅस्टिकचं डोकं. मला कोठीत टाकलं. कुणीतरी माझ्यावर हेल्मेट अडकवू लागलं. मग माझ्यावर चादरींचे गठ्ठे आले आणि उंदरांनी कान कुरतडला. एका पावसाळ्यात छत गळलं, मी फुगलो, उन्हाळ्यात आक्रसलो आणि मला भेग पडली. याच काळात श्रावणबाबा वारले, हे मला फार उशिरा कळलं. साधनाताई मला शोधत कोठीत आल्या, त्यांनी गठ्ठे उचलले, आणि मला पाहून त्या कितीतरी वेळ तशाच उकिडव्या बसून राहिल्या.

त्यांनी मला प्रयोगशाळेत नेलं, पुसलं आणि पुन्हा स्कॅन केलं. भेगेमुळे माझे मणी जागा सोडून तीन मिलिमीटर सरकले होते. त्यांनी एक चिठ्ठी लिहून माझ्या मानेला बांधली, 'मापासाठी वापरू नये.' वडिलांच्या हातचं, वडिलांच्याच चेहऱ्याचं डोकं, तरी त्यांनी ती चिठ्ठी बांधली. मला वाईट वाटलं, मित्रांनो, खोटं कशाला सांगू? पण त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं आणि मायेपोटी मला मापाला बसवलं असतं, तर ते मला आवडलं नसतं.

आता मी खिडकीशेजारी असतो. नवे विद्यार्थी पहिल्या दिवशी माझ्यावर हात बसवतात. गेल्या जूनमध्ये आभा नावाची एक विद्यार्थिनी आली. तिच्या आधीच्या सगळ्यांनी तीन, चार असे आकडे लिहिले होते. तिला नऊ आले. तिनं इतरांचे आकडे पाहिले, खोडरबर उचललं, खाली ठेवलं आणि नऊच लिहिलं. साधनाताई मागं उभ्या होत्या.

"नऊ?"

"नऊच आलं, मॅडम."

"सळई जरा खालून धर," साधनाताई म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसल्या.

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत, एखाद्या दवाखान्याच्या कोठीत माझ्यासारखं काहीतरी पडलेलं असेल. फुटका सांगाडा, गंजलेला तराजू, पाय मोडलेला सूक्ष्मदर्शक. त्याच्यावर हेल्मेट अडकवू नका. धूळ पुसा, कोरड्या जागी ठेवा, आणि त्यात काय बिघडलंय ते एका चिठ्ठीवर खरंखरं लिहून ठेवा. आणि ते फेकून देण्याआधी तिथल्या जुन्या माणसांना एवढं नक्की विचारा, की याच्यावर कोण शिकलं होतं.